आबांचा गुलब्या आणि माझा चार दिवसांचा बग

मित्रांनो, आज मला कुणी "गेम कुठवर आला?" असं विचारू नका. लय दमलोय.

मी बनवतोय तो मोबाईल गेम तसा साधाच आहे. ऊस भरलेली बैलगाडी आष्ट्याच्या शिवारातून कारखान्यावर न्यायची. पण चार दिवस झाले, गाडी आपोआप उजवीकडं ओढते आणि रस्त्याकडेच्या चारीत जाते. सगळा कोड पालथा घातला, बग काही सापडेना.

आज दुपारी माझे चुलते, आबा, चहाला आले. त्यांनी वीस वर्षं कारखान्याला बैलगाडी चालवली. गेममधले बैलही मी त्यांच्याच जोडीच्या जुन्या फोटोवरून काढलेत. वैतागून मोबाईल त्यांच्या हातात दिला.

आबांनी चष्मा लावला. "आरं, गुलब्याला उजवीकडं जुपलंस व्हय? जलमभर डावीकडं चालला त्यो. जागा बदलली की बैल गाडी सरळ वढत न्हाई."

कोडला त्यातलं काय कळतंय? पण वाद घालायचं त्राण नव्हतं. दोन्ही बैलांची चित्रं अदलाबदल करून दिली.

आबांनी गाडी थेट कारखान्यात नेली. "बघ, झाली का न्हाई सरळ?"

मी स्क्रीनवरचा त्यांचा अंगठा बघत होतो. कासरा धरावा तसा तो सारखा डावीकडं ओढत होता. त्यांना पत्ताच नव्हता.

बग तसाच आहे. आबांचा चहा गार झालाय आणि ते गुलब्याला घेऊन तिसऱ्या खेपेला निघालेत. तुम्हीच सांगा, आता दुरुस्त काय करू?