कृष्णवेणीबाईंच्या फाटकातले कुडम

आमच्या समोरच्या घरात एक नगरसेविका राहतात, हे मला चेन्नईला आल्यावर पहिल्या आठवड्यातच कळलं, तेही रंगीत कळश्यांमुळे. पश्चिम मांबलमच्या आमच्या गल्लीत सकाळी बाल्कनीत उभा राहिलो, तर समोरच्या फाटकात एक हिरवी आणि एक जांभळी प्लास्टिकची कळशी ठेवलेली. इथं तिला कुडम म्हणतात. दोन्ही रिकाम्या. मला वाटलं, कुणी विसरून गेलं असेल. तेवढ्यात फाटक उघडून एक ठेंगणी, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली बाई बाहेर आली, कुडमांकडं बघितलं, कमरेला पदर खोचला आणि फोनवर कुणाला तरी तमिळमध्ये असं झापलं, की आमच्या बाल्कनीतल्या कुंडीवरचं कबूतर उडालं.

मुलाला विचारलं. मंदार म्हणाला, "बाबा, त्या कृष्णवेणी मॅडम. कॉर्पोरेटर आहेत. आणि ऐका, त्या मराठी आहेत."

आता परांड्याजवळच्या खेड्यातला माणूस, सातवीपर्यंत शिकलेला, नातीला सांभाळायला दीड हजार किलोमीटरवर आलेला. त्याला समोरच्या घरात मराठी नगरसेविका सापडली म्हणजे काय आनंद झाला असेल! चप्पल घालून तडक गेलो. बाईंचं मराठी ऐकलं आणि चाटच पडलो. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात यांचे पूर्वज कारकून म्हणून आले, ते परत गेलेच नाहीत. भाषा त्या काळातलीच राहिली, वरून तमिळचा हेल.

"या, तात्ता, बस्सा. अस्कं घर तुमचेंच," त्या म्हणाल्या. अस्कं म्हणजे सगळं, हे मला पुढं कळलं. तात्ता म्हणजे आजोबा, हे नातीनं सांगितलं.

कुडमांची गोष्ट त्यांचे यजमान गुरुराज यांनी सांगितली. बँकेतून निवृत्त झालेले, गोरे, घामाघूम, सतत पंचांग बघणारे गृहस्थ. बाई आधी एका बालवाडीत शिकवायच्या. दोन हजार पंधराच्या पुरात गल्ली कमरेएवढ्या पाण्यात गेली, तेव्हा त्यांनी आपल्या गच्चीवर चूल मांडून साऱ्या गल्लीला सांबारभात घातला. तिथून पक्षाच्या लोकांनी हेरलं. पक्षाचं नाव सांगत नाही, दोन्हीकडचे लोक माझ्याकडं चहाला येतात. पुढं निवडणूक आली, बाई उभ्या राहिल्या आणि प्रचाराच्या शेवटच्या सभेत, कुणी लिहून न देता, बोलून बसल्या, "ज्या घरी तण्णी लॉरी आली नाही, नळाला घाण पाणी आलें, त्यांनी रिकामा कुडम माझ्या फाटकात ठेवावा. मी रिकामा कुडम ओलांडून जाणार नाही."

तण्णी म्हणजे पाणी, तण्णी लॉरी म्हणजे आपला टँकर. झालं! निवडून आल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून कुडम यायला लागले. मेहुण्याच्या लग्नाला बाई एकदा मागच्या भिंतीवरून चढून गेल्या, असं गुरुराज म्हणाले. बाई आतून ओरडल्या, "खोटें! शेजाऱ्यांच्या जिन्यावरून गेलें."

तर गेल्या वर्षी महापौरांची जागा मधेच रिकामी झाली. इथं लोक महापौर निवडत नाहीत, नगरसेवक निवडतात. ज्या पक्षाचे नगरसेवक जास्त, त्याचा उमेदवार झाला की काम फत्ते. पक्षापुढं दोन नावं होती. एक आमच्या बाई आणि एक उत्तरेकडच्या वॉर्डातल्या दुसऱ्या बाई. कोणतं नाव, ते नुंगंबाक्कमच्या पक्ष कार्यालयात ठरायचं होतं. अर्ज भरायची मुदत त्याच दिवशी दुपारी तीनपर्यंत.

त्या आधीचे दिवस काय सांगू! बाई एका जागी बसायच्या नाहीत. व्हरांड्यात येरझाऱ्या. फोन वाजला की धावायच्या, नाही वाजला की फोन हलवून बघायच्या. एकदा आमच्याकडं आल्या, सूनबाईनं पोहे दिले, ते हातात धरून उभ्याच.

"ताई, बसा की," रुचिरा म्हणाली.

"बसलें तर वाटतें, कोणी उठवेल." मग मला म्हणाल्या, "तात्ता, मला हवें आहे हो. लोकांसमोर नको नको म्हणतें, पण हवें आहे. महापालिकेच्या त्या मोठ्या इमारतीत जाऊन इंजिनिअराला समोर उभा करायचें आहे. इथून फोनवर किती ओरडूं?"

आमच्या गावचा एक सरपंच होता, तो निवडून यायच्या आधीच फेटा रंगवायला टाकून आला होता. ही बाई तशी नव्हती. नवी साडीसुद्धा घेतली नाही. फक्त नखं खात होती.

गुरुराजांची तऱ्हा वेगळीच. त्यांना एकच भीती. महिना आडीचा. आडी म्हणजे आपला आषाढ. तमिळ लोक त्यात नवं काही सुरू करत नाहीत, आणि इतक्या पिढ्या इथं राहून यांनीही ते उचललेलं. "आडीत अर्ज! देवा रे," असं म्हणत ते मला रोज जिन्यात गाठायचे. "काका, शकुन तरी चांगला हवा. निघताना भरला कुडम समोर हवा."

आणि नेमक्या त्या दिवशी पहाटे त्यांनी दार उघडलं, तर फाटकात तीन कुडम. रिकामे! स्टेशनकडच्या बोळात रस्ता खोदला होता, नळाला काळं पाणी येत होतं, लॉरीनं तोंड दाखवलं नव्हतं. तिथल्या बायकांना कुठं माहीत, आज काय आहे ते.

गुरुराजांनी विचार केला तो असा. बाई उठली, रिकामे कुडम बघितले, की पदर खोचून फोन करत बसणार, नुंगंबाक्कम राहिलं बाजूला. शिवाय निघताना रिकामा कुडम, त्यात आडी! मग या सज्जन माणसानं घरच्या संपातून, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतून, पाईप ओढला आणि तिन्ही कुडम गळ्यापर्यंत भरले. वर प्रत्येकात एक जास्वंद टाकलं.

बाई निघाल्या. मी बाल्कनीतच होतो, नातीची वेणी घालत. भरलेले कुडम बघून बाईंचा चेहरा असा फुलला! त्यांना वाटलं, बोळात पाणी आलं, आणि बायकांनी शुभेच्छा म्हणून भरले कुडम आणून ठेवले. त्यांनी वाकून पाण्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि साडी सावरून कुडम ओलांडून गेल्या. मला हात केला. मीही दोन्ही हात वर केले, कंगव्यासकट.

कोपऱ्यावर झाडाखाली इस्त्रीची गाडी लावते ती मुत्तुलक्ष्मी. तिचाच एक कुडम होता त्यात. तिनं लांबून बघितलं, अक्का, म्हणजे बाई, कुडम ओलांडून गेली. लांबून आतलं पाणी कसं दिसणार? ती इस्त्री तशीच टाकून आली. कुडम उचलायला गेली, तर जड. आत पाणी, पाण्यावर फूल.

मग तिनं जे तोंड सोडलं! माझ्या नातीला तमिळ चांगलं येतं. तिनं सांगितलं, त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच, "तीन कुडम आपल्या टाकीतनं भरले की बोळाची तोंडं बंद? मेयर व्हायच्या आधीच ओलांडायला शिकली!"

गुरुराजांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग बाईंना फोन लावत बसले. पण पक्ष कार्यालयात आत जाताना फोन दारात काढून घेतात. वाजून वाजून बंद.

जेवणवेळेपर्यंत फाटकापुढं काय दृश्य होतं! निळे, लाल, पिवळे, पोपटी कुडम, फाटकापासून पार आमच्या इमारतीच्या पायरीपर्यंत. सगळे रिकामे. पलीकडं बायका बसलेल्या.

आणि पक्षाची गाडी आली. बाईंच्या गळ्यात जाड हार. नाव मिळालं होतं! वॉर्डाचा सेक्रेटरी सुब्बा दार उघडून आधी उतरला, हातात मिठाईचा डबा. घरातल्या देवाला नमस्कार करायचा आणि तडक अर्ज भरायला जायचं, एवढंच काम होतं.

बाई उतरल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"अक्का, दोन मिनिटांत बाजूला करतो," सुब्बा म्हणाला आणि एका कुडमाला हात घातला.

"हात लावूं नको."

"अक्का, वेळ!"

"सांगितलें ना, लावूं नको."

मुत्तुलक्ष्मी उठली. "सकाळी कसे ओलांडले गं, अक्का? तेव्हा पाय लांब होते?"

"सकाळी ते भरलेले होते."

"कुणी भरले?"

मग बाईंनी हळूच खिडकीकडं बघितलं. बायकांनी बघितलं. सुब्बानं बघितलं. पडद्याआडून गुरुराजांचा आवाज आला, "शकुन म्हणून. आडी आहे ना, वेणी."

पहिल्यांदा मुत्तुलक्ष्मीच हसली. "बघा, मेयरचा नवरा! तण्णी लॉरी झालाय!" सगळ्या बायका हसायला लागल्या. मला वाटलं, चला, मिटलं. पण बाई हसल्या नाहीत. आमच्या पायरीशी प्लास्टिकची खुर्ची होती ती ओढली, गळ्यातल्या हारासकट बसल्या आणि इंजिनिअरला फोन लावला.

लॉरी निघाली होती. पण कुठं होती? टी. नगरमध्ये. आडीत तिथल्या दुकानांत साड्यांवर सवलत सुरू असते, आणि अख्खं चेन्नई तिकडं लोटतं. पिशव्या घेतलेल्या बायकांच्या समुद्रात आमची लॉरी रुतून बसली होती.

सुब्बा घड्याळ बघून नाचत होता. त्याचा फोन वाजला. तो कोपऱ्यात जाऊन बोलला, आला आणि बाईंच्या कानाशी वाकला. पण सुब्बाचं कुजबुजणंही चौकापर्यंत जातं. "दुसऱ्या बाई तिथं आधीच जाऊन बसल्यात. आपण नाही पोचलो तर त्यांचा अर्ज. ऑफिसनं सांगितलंय."

बाईंनी हारातली एक पाकळी तोडली, मग दुसरी. पण उठल्या नाहीत.

मला राहवेना. ताकाचा पेला घेऊन खाली गेलो. "ताई, जा की हो. मी बसतो तुमच्या खुर्चीत. लॉरी आली की भरून घेतो."

"तात्ता, तुम्ही नगरसेवक कधी जालांत?" त्या म्हणाल्या. मग ताकाला हात न लावता हळू बोलल्या, "सकाळी मी ओलांडलें. माहीत नव्हतें, तरी पाय माझाच होता. आता माहीत असून ओलांडलें तर परत इथें कोण कुडम ठेवील?"

मी पेला पायरीवर ठेवला आणि लॉरीची वाट बघत तिथंच बसलो.

शेवटी लॉरी आली. एव्हाना सुब्बानं बायकांना अर्जाची वेळ सांगून टाकली होती, आणि मग मुत्तुलक्ष्मी पेटलीच. "अगं हलवा हात! ए, तुझा मोठा कुडम मागं घे, आधी लहान भर! तीनची वेळ आहे तिची!" कुडम भरले, डोक्यावर गेले, कमरेवर गेले. वाट मोकळी होत आली. बाई उभ्या राहिल्या, आणि बघतात तर फाटकाच्या अगदी मध्ये एक पितळी घागर शिल्लक. रिकामी.

"ही कोणाची?" सुब्बा ओरडला.

फाटकाआडून गुरुराज पुढं झाले. मान खाली. "आमचीच. संपात होतं तेवढं पाणी सकाळी त्या तीन कुडमांत गेलं. घरात प्यायला थेंब नाही."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. राग यायचा होता, तो अर्ध्यावर अडकला, आणि त्या अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, मग आधी नाही का ठेवायची? रांगेत!" त्यांनी स्वतः पाईप धरला, घागर भरली, नवऱ्याच्या हातात दिली, दारातूनच देवाला हात जोडले आणि गाडीत बसल्या. सारी गल्ली गाडी ढकलायला मागं धावली, जरी गाडी चालू होती.

पण तीच वाट, तेच टी. नगर, तोच साड्यांचा समुद्र. महापालिकेत पोचल्या तेव्हा अर्ज घेणं बंद झालं होतं. आत एकच अर्ज होता, दुसऱ्या बाईंचा. बाहेर त्यांच्यासाठी ढोल सुरूही झाला होता. बाईंनी गळ्यातला हार काढला आणि आत जाऊन नव्या महापौरांच्या गळ्यात घातला. अर्ध्या पाकळ्या गेलेल्या होत्या, असं सुब्बा म्हणाला. तो हे सांगताना रडत होता आणि मिठाईचा डबाही खात होता.

संध्याकाळी मुत्तुलक्ष्मी फाटकाशी येऊन भांडली. "अक्का, तुला जायचं होतं तर सांगायचंस! आम्ही बाजूला केले असते कुडम!"

"मी थांबावें म्हणूनच ठेवले ना?"

"थोडं थांबावं म्हणून! एवढं कुणी सांगितलं होतं? आमची मेयर घालवलीस!" आणि पदरात तोंड खुपसून ती तिथंच बसली. शेवटी बाईंनाच तिची समजूत घालावी लागली, कॉफी करून.

आज सकाळची गोष्ट. फाटकात एकही कुडम नव्हता. बोळातला नळ आता नीट येतो. तरी बाई व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या, फोन हातात. मी वरून विचारलं, "काय ताई, आता काय?"

"पुढच्या खेपेची तयारी, तात्ता. उभी राहणारच मी. हवें आहे, अजून हवें आहे." मग आत बघून आवाज चढवला, "पण त्या वेळी यांना आदल्या दिवशीच्या गाडीनं तंजावरला पाठवणार!"

आतून गुरुराज म्हणाले, "पंचांग बघून जाईन."