भावकू आप्पांनी ओढलेली वायर

हिंडलग्याचे भावकू आप्पा निवृत्त लाइनमन. चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेल्या माणसाला बिनवायरीची वस्तू म्हणजे थोतांडच. फौजेतल्या मुलानं, विक्रमनं घरी दोन वायरलेस स्पीकर पाठवले, तेव्हा आप्पांनी नाक मुरडलं आणि दोन्हींना राउटरपासून वायर ओढली, खिळे कसे ओळीत मारून. गावाला दोन बाजूंनी सप्लाय असला की अंधार होत नाही, हा त्यांचा हिशेब.

तेव्हापासून घरचं इंटरनेट दिवसातून दहादा बसायला लागलं. सून ऋतिका घरूनच बेंगळुरूच्या कंपनीचं काम करायची. कंपनीनं निर्वाणीचं सांगितलं, सोमवारपर्यंत लाइन नीट करा, नाहीतर इथं येऊन बसा. म्हणजे ती जाणार, तिच्याबरोबर चार वर्षांची नात रचना जाणार आणि आप्पा मागं एकटे.

आप्पांनी नेटवाल्यांचा मनसोक्त उद्धार केला. राउटर बदलला, तरी तेच. शेवटी निपाणीची उपासना आली, या कामातली जाणती. एकेक वायर काढून तिनं पाहिलं. स्पीकरची वायर काढली की नेट चालू, लावली की बंद.

“ही वायर कुणी ओढल्या, आप्पा?”

“मीच. पक्की हाय न्हवं?”

“लई पक्की हाय. पण हे दोन स्पीकर हवेतनं एकमेकांला आधीच जोडल्यात. त्यात ही वायर. एकच निरोप वायरीतनं जातोय, हवेतनं माघारी येतोय, परत वायरीत. गोल फिरून सगळी लाइन तुंबल्या.” आप्पांना उमगेना, तशी ती म्हणाली, “बंद केलेल्या लाइनीत दुसरीकडनं करंट येतोय न्हवं? तसंच.”

आप्पांचा चेहराच उतरला. सांबऱ्याच्या खांबावर त्यांचा जोडीदार लाइनमन रवळू असाच गेला होता. लाइन बंद होती, पण कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा आला. त्याला खाली उतरवलं ते आप्पांनीच. पुढं प्रत्येक नव्या माणसाला ते बजावत, आधी दुसरी बाजू बघ. आणि स्वतःच्या घरात ते बघायचं राहिलं.

“एकच वायर काढा, बास,” उपासना म्हणाली. आप्पा स्टुलावर चढले आणि दोन्ही वायरींचे खिळे उपटायला लागले.

ऋतिका बाहेर आली. “मामा, नेट चाललंय की. भिंतीवरचं राहू द्या.”

“न्हाय. उद्या कोण तरी परत जोडंल.” पाठमोरेच ते बराच वेळ एका खिळ्याशी झटत राहिले. मग म्हणाले, “पोरी, चूक माझी हुती. रचनाला घिऊन जाऊ नगंस.”