आज कोण दिसंना?

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत परत यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. जाऊबाईंच्या साड्यांच्या दुकानात माझ्यासाठी खुर्चीसुद्धा तयार होती. शहरात, गारखेड्यातल्या आमच्या शाळेत माझ्या वर्गात साठ-पासष्ट मुलं. मी नंबर पुकारायचा, त्यांनी 'हजर' म्हणून ओरडायचं आणि माझा घसा बसायचा. शिकवण्यातला जीव कधी गेला, ते माझं मलाही कळलं नव्हतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी चाचणी परीक्षा घ्यायला एका दिवसासाठी खुलताबादच्या पुढच्या एका वस्तीशाळेत पाठवलं. जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. एसटीत बसून सबंध घाट मी मनातल्या मनात कुरकुरत चढले.

दोन खोल्यांची शाळा. शिक्षकही दोनच. निवृत्तीला आलेले एक गुरुजी आणि तिशीतल्या एक बाई. मी पोहोचले तेव्हा गुरुजी व्हरांडा झाडत होते आणि बाई पायरीवर बसून एका पोरीच्या वेण्या घालत होत्या. मुलं बहुतेक मेंढपाळांची. पावसाळा असल्यामुळे कळप गावाकडं आलेले, म्हणून शाळा भरलेली.

पेपर वाटायचे म्हणून मी सवयीनं बोट दाखवत मुलं मोजायला लागले. पुढची एक चिमुरडी चटकन म्हणाली, "बाई, असं मोजू नका."

"का गं?"

"मोजलं की कमी व्हतंय. आमचे आबा मेंढरं कधीच मोजत नायत."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"त्याचं तोंड दिसत नाय की मग!" माझ्या अडाणीपणाची तिला कीवच आली असावी.

मी गुरुजींकडं पाहिलं. ते हसले. "मी नवा होतो तवा मोजायचो. एक-दोन आया भांडायला आल्या, लेकरं मोजू नका म्हणून. मग आधी बघायचं, हजेरी मागून भरायची." एवढं बोलून ते वर्गाकडं वळले. "काय रे, आज कोण दिसंना?"

सगळ्या माना इकडंतिकडं फिरल्या. "तळ्याकडची धाकटी नाय, गुरुजी!"

बाईंनी लगेच स्कूटीची किल्ली उचलली. अर्ध्या तासानं परतल्या, तेव्हा मागं ती धाकटी आणि पुढं पायाशी एक ओलसर, नुकतं जन्मलेलं कोकरू. मेंढीनं त्याला जवळ घेतलं नव्हतं, म्हणून पोरगी त्याच्यापाशी थांबली होती. गुरुजींनी व्हरांड्यात कोकराला बांबूच्या डालग्याखाली ठेवलं आणि पोरीला नवा पेपर दिला. कोकरू ओरडलं की ती मान वर करायची, परत लिहायची.

मी बाईंना विचारलं, "रोज जाता असं?"

"रोज कुठं? कुणी दिसलं नाय तरच," त्या म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या. आपण काही विशेष करतो, हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं. मला मात्र त्यांचा हेवा वाटला, अगदी खरा हेवा.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मी हजेरीचा कॅटलॉग उघडलाच नाही. नुसती बघत राहिले. बाईंना झालं तरी काय, म्हणून मुलं एकमेकांकडं बघायला लागली. खिडकीजवळच्या बाकावर एक जागा रिकामी होती. तिथं कोण बसतं, ते आठवायला वेळ लागला. मग पेन्सिलीचं टोक सतत जिभेला लावणारी एक मुलगी डोळ्यांपुढं आली.

शाळा सुटल्यावर मुकुंदवाडीत तिचं घर शोधत गेले. आई नव्या कामाला लागलेली, म्हणून ही लहान भावाला सांभाळत घरी. आईशी बोलले, धाकट्याला सांभाळा म्हणून शेजारच्या आजींना गळ घातली. दोन दिवसांनी पोरगी वर्गात आली आणि सरळ माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"बाई, मी नव्हते ते तुम्हाला कळलं व्हय?"

"कळलं," मी म्हटलं. ती अशी काही हसली की मला पुढचा धडाच सुचेना.

संध्याकाळी जाऊबाईंना फोन करून सांगितलं, खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसवा. त्या वैतागल्या. "अगं, एक पोरगी शाळेत आली म्हणून दुकान सोडतेस?"

"ती आली म्हणून नाही," मी म्हटलं. "ती नाही, हे मला दिसलं म्हणून."