पास करणारा कान

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या वर्कशॉपमध्ये कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना ‘कान’ म्हणत. कान आले का, कानांना दाखवलं का, कानांनी पास केलं का. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हे फार विचित्र वाटलं होतं. धडधाकट माणसाला एका अवयवाच्या नावाने काय ओळखायचं? पण बाबांना त्याचा कोण अभिमान! लाउडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये ते एकेचाळीस वर्षं होते, आणि त्यांनी ऐकून मान हलवल्याशिवाय तिथून एकही नग बाहेर पडत नसे. त्यासाठी खिडकीपाशी त्यांचं वेगळं टेबल होतं, पंख्यापासून लांब.

मीटर लावून तपासणाऱ्यांची ते टर उडवायचे. “हातच्या कंकणाला आरसा कशाला?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला विचाराल तर त्यात थोडी घमेंड होती. घरातही कोणाची सुटका नव्हती. मिक्सर चालू केला की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, बेअरिंग गेलंय. मी कपडे वाळत घालताना गुणगुणले तर, सूनबाई, वरचा सूर उतरतोय. पहिली दोन वर्षं मी गुणगुणणंच सोडून दिलं होतं. पुढे पुढे या सूचना बंद झाल्या. मला वाटलं, वयाबरोबर माणूस निवळला. मी खूशच झाले होते.

निवृत्त झाल्यावरही बाबा मंगळवारी आणि शुक्रवारी वर्कशॉपमध्ये जायचे, सगळा तयार माल ऐकून पास करायला. आठवड्यातले बाकीचे पाच दिवस ते त्या दोन दिवसांची वाट बघण्यात घालवायचे. मग मालकाने आवाज मोजणारं एक यंत्र घेतलं. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, बाबांच्याच हाताखाली शिकलेला. तो त्यांना काका म्हणतो. यंत्राला जागा हवी होती आणि खिडकीपाशी एक टेबल होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं बाबा त्या यंत्राबद्दल म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. पण त्या दिवसांत त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

अशात एका शुक्रवारी मालकाने त्यांच्या हातात एक खोका दिला. डॅकचं किट. कॉम्प्युटरमध्ये गाणं असतं ते नुसत्या आकड्यांचं असतं. त्या आकड्यांचा पुन्हा स्पीकरला समजेल असा आवाज करणारी छोटी पेटी म्हणजे डॅक, असं मला बाबांनीच समजावलं. वर्कशॉपला अशा पेट्या बनवून विकायच्या होत्या. मालक म्हणाला, काका, हा एक घरी जोडून आणा; जमला तर पुढचे सगळे तुम्हीच जोडायचे, आणि तुमचं टेबल जिथे आहे तिथेच राहील.

मग काय, आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे त्या किटचं राज्य. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. माझ्या वाट्या जप्त झाल्या. एकीत रेझिस्टर, एकीत कपॅसिटर, एकीत स्क्रू. त्यात एक चिप होती, बोटाच्या नखाएवढी, तिला मुंगीला असावेत तसे बारीक अठ्ठावीस पाय. एक पाय शेजारच्याला चिकटला की सगळं मुसळ केरात. ती चिप बसवायच्या दिवशी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरातला पंखा बंद करायला लावला आणि आम्हाला बोलायची बंदी केली. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा हात तासभर तसूभरही हलला नाही. मी भिंतीला टेकून बघत होते. या माणसाशी मी किती वेळा हुज्जत घातली असेल, पण त्या तासात मला त्यांचा फार आदर वाटला.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा स्पीकरमधून गाण्यामागे जाडसर घूं ऐकू आलं. बाबांनी लगेच बोट वर केलं. घुमतंय, म्हणाले. किटबरोबर ट्रान्सफॉर्मर आला होता, तो चिप बसवलेल्या बोर्डापासून वीतभर लांब ठेवा, असं कागदावर लिहिलं होतं. पण पेटी लहान, वीतभर जागा आणायची कुठून? आणि कागद वाचून काम करतील तर ते बाबा कसले! त्यांनी ट्रान्सफॉर्मर काढून टाकला, खणातून कुठल्या तरी जुन्या फोनचा चार्जर शोधला, त्याची वायर कापून बोर्डाला जोडली, आणि घूं खरंच गेलं. त्यांनी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं आणि मान हलवली. त्यांच्या लेखी पेटी पास झाली होती.

मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. मला आधी वाटलं, फ्रिजचं काही बिघडलं. एक बारीक, तीक्ष्ण शिट्टी, न थांबणारी. सुई कानात धरून ठेवावी तशी. बाहेर येऊन बघते तर ती स्पीकरमधून येत होती. घूं गेलं होतं आणि त्या चार्जरपायी हे आलं होतं. आगीतून फुफाट्यात. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आई फरशीकडे बघत होत्या. आणि बाबा खुर्चीत मागे रेलून, चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आणून म्हणाले, “किती स्वच्छ आहे बघा.”

आम्ही तिघंही म्हणालो, हो.

नंतर स्वयंपाकघरात आमची बैठक भरली. तिथे मला कळलं की आईंना हे तीन वर्षांपासून ठाऊक होतं. ताप मोजायचं थर्मामीटर वाजलेलं बाबांना ऐकू येत नाही, ते काखेत धरून अर्धा अर्धा तास बसून राहतात. म्हणून आई मनात आकडे मोजतात आणि वेळ झाली की कसलं तरी निमित्त करून थर्मामीटर काढून घेतात. बाबांना जाड आवाज ऐकू येतात, बोलणं समजतं, फक्त बारीक आवाज गेले आहेत. मला माझं गुणगुणणं आठवलं. माणूस निवळला होता म्हणे! नवरा म्हणाला, सरळ सांगून टाकू, डॉक्टरकडे नेऊ. आई म्हणाल्या, अरे, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर सांगितलं असतं. ज्याला सगळे कानच म्हणतात त्याला कसं सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मंगळवारी ही पेटी मालकासमोर उघडणार होती, तेव्हा मूठ कुठली झाकलेली राहायला! शेवटी मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात तोंडाने फटकळ मीच.

मी रविवारी दुपारी त्यांच्यासमोर जाऊन बसले. ते पेटीला पाय लावत होते, रबराचे, चार. मी म्हणाले, “बाबा, तो ट्रान्सफॉर्मर परत लावून बघायचा का एकदा?”

त्यांचा हात थांबला. “का? तुला काही ऐकू येतंय?”

आता सांगायचं होतं. इतकं सोपं दार त्यांनी स्वतः उघडून दिलं होतं. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग असता तर मी बोललेही असते, मला रागाला उत्तर देता येतं. पण ते घाबरले होते. बाबांना घाबरलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. “नाही,” मी म्हणाले, “सहज विचारलं.”

माझ्या फटकळपणाची इतकीच लायकी. सोमवारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी मालकाला फोन केला. म्हटलं, उद्या पेटीत शिट्टी ऐकू येईल, कृपा करून त्यांना काही बोलू नका, हळूच कोणाकडून तरी दुरुस्त करून घ्या. मालक म्हणाला, “वहिनी, आम्हाला माहीत आहे. काकांनी पास केलेलं आम्ही दोन वर्षं परत तपासतो. ते घरी गेले की.” किटही त्याने म्हणूनच दिलं होतं. हात अजून सोन्यासारखा आहे, कागदाप्रमाणे जोडलं की काम झालं, त्यात ऐकायचं काही उरत नाही, असा त्याचा हिशेब. काका ऐकायला बसतील हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो भला माणूस आहे. तरी मला त्याचा संताप आला, माझा आला, त्या रिकाम्या शुक्रवारांचा आला. दोन वर्षं माणूस इस्त्रीचा शर्ट घालून जात होता आणि त्याची पाठ वळली की त्याचं काम पुसलं जात होतं. मी मालकाचे आभार मानून फोन ठेवला. दुसरं काय करणार होते?

मंगळवारी बाबा पेटी टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. मी रजा काढून घरीच थांबले होते. ते दुपारी जेवायच्या आधीच परत आले. पेटी बरोबर होती. ती टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसले, चपलाही काढल्या नाहीत. आईंनी विचारलं, काय म्हणाला मालक?

“पास केला,” बाबा म्हणाले. “एका मिनिटात. वर पाठ थोपटली माझी.”

आई म्हणाल्या, मग चांगलंच झालं की.

“आमच्याकडे पहिला नग पास होत नाही,” बाबा म्हणाले. “कोणाचाच नाही. हा नियम मी घातलेला आहे. खोट नसली तरी काढायची आणि एकदा परत करायचा, म्हणजे हाताला माज येत नाही. याच पोराचे पहिले चार नग मी परत केले होते, रडला होता तो. आणि आज माझा ऐकला न ऐकला, आणि पास. तिथली बाकीची माणसं स्क्रू मोजत बसली होती. एकानेही वर बघितलं नाही.”

येताना ते मालकाला सांगून आले होते, टेबल काढून टाक, यंत्र खिडकीपाशीच बरं. मालक हातापाया पडला म्हणे. फोन मी केला होता, मीच त्याला पास करायला लावलं होतं, हे सांगायचं धैर्य मला तेव्हाही झालं नाही. आजपर्यंत झालेलं नाही.

“काय खोट आहे तिच्यात?” बाबांनी विचारलं. आईंना नाही, मला. “तू सांग. तू तोंडावर बोलतेस.”

“शिट्टी आहे, बाबा. बारीक.”

“सतत?”

“सतत.”

“पहिल्या दिवसापासून?”

मी मान हलवली. ते बराच वेळ पेटीवरून हात फिरवत राहिले. मग खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली.

“कशी आहे ती? करून दाखव.”

मला आधी काही कळेना. मग मी दात दातांवर ठेवले, जीभ टाळूला लावली आणि जमेल तितका बारीक वारा सोडला. शिट्टी याहूनही बारीक होती, पण माझ्या तोंडाला एवढंच येत होतं. बाबांनी डोळे मिटले, मान किंचित तिरपी केली आणि उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणला. तो त्यांचा चांगला कान. टेबलाशी नग ऐकताना ते असेच बसत असतील. माझा श्वास संपला, मी पुन्हा घेतला आणि पुन्हा सुरू केलं. आईंनी पदर तोंडाला लावला.

“कर की,” बाबा डोळे मिटूनच म्हणाले. “माझ्यासमोर लाजतेस काय?”

मी करतच होते.