म्हैसूरची काळी चाकं आणि माझा जळफळाट

फोटो आला तेव्हा मी दूध तापवत होते. पिवळ्या भिंतीला टेकवलेल्या दोन माउंटन बाइक, दोन्हींना एकसारखी काळी कार्बनची चाकं, आणि खाली मृणालनं लिहिलेलं, "वीणाची आणि माझी. जुळ्या बहिणी." दूध उतू गेलं. मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि ओटा पुसत बसले.

मृणाल कोण ते आधी सांगते. कोल्हापुरात आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं एकत्र सायकल चालवली. जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याच्या मागच्या वाटा, उसाच्या रानातले गाडीरस्ते, सगळीकडे जोडीनं. डिसेंबरात सह्याद्रीत एक जोडीची शर्यत असते. तिचा नियम असा की दोघींनी शेवटची रेघ एकत्रच ओलांडायची. एकटी आधी पोचली तर तिला कोण विचारतंय. ती आमची शर्यत. गेल्या वर्षी मृणालची बँकेतली बदली म्हैसूरला झाली आणि तिथं तिला ही वीणा भेटली. मग काय, प्रत्येक फोनमध्ये वीणा. वीणा चढावर कशी सुटते, वीणा डब्यात काय आणते. यंदाच्या डिसेंबराबद्दल मात्र बाईसाहेब अवाक्षर काढत नव्हत्या, आणि मीही विचारत नव्हते. विचारलं आणि "वीणाबरोबर" म्हणाली तर काय घ्या.

आमची एक रीत होती. माझ्या चाकाच्या जादा तारा, म्हणजे स्पोक, मृणालच्या सायकलच्या दांडीला टेपनं चिकटवलेल्या असायच्या आणि तिच्या माझ्या दांडीला. चाकागणिक तारेची लांबी वेगळी, त्यामुळे एकीची तार दुसरीला उपयोगाची नाही. "आपल्या तारा आपल्याकडे असल्या की माणूस पुढं पळतो," मृणाल म्हणायची, "दुसरीच्या असल्या की मागं वळून बघतो." तो फोटो आला त्या दिवशी मी तिच्या तारा माझ्या दांडीवरून ओरबाडून काढल्या. तिची ती चाकंच आता राहिली नव्हती, तर मी ओझं कशाला वाहू?

माझीही चाकं थकलीच होती. रिमला पोचे, हबमधून, म्हणजे चाकाच्या आसापाशी, करकर. "इकडे ये, इथला दुकानदार चाकं लावून चालवून बघायला देतो," असं मृणाल म्हणाली आणि मी लगेच हो म्हटलं. मनात एकच होतं. तीच काळी चाकं घ्यायची आणि त्या वीणाच्या पुढं जाऊन दाखवायचं.

दसऱ्याची गर्दी ओसरल्यावर निघाले. तुम्हीही तसंच करा, दसऱ्यात म्हैसूरला पाय ठेवायला जागा नसते. सायकल गाडीच्या मागच्या रॅकवर, पहाटे कोल्हापूर सोडलं. बेळगाव-धारवाडकडं रस्तारुंदीची कामं चालू आहेत, वळसे फार, तेवढा पट्टा उजेडात काढा. दावणगेरेला हायवे सोडून गावात शिरा आणि लोणी डोसा खाल्ल्याशिवाय बाहेर पडू नका. हिरियूरला बंगळूरचा मोठा रस्ता सोडून हुळियार-नागमंगलचा धरला. रस्ता अरुंद पण चांगला, दोन्ही बाजूंना नारळाच्या बागा, आणि बंगळूरची कटकट टळते. जेवण मात्र हिरियूरच्या आधीच उरकून घ्या, पुढं बराच वेळ धड काही मिळत नाही. श्रीरंगपट्टणला कावेरी ओलांडली तेव्हा दिवे लागले होते.

सरस्वतीपुरमला मृणालचं घर. बेल वाजवली तर दार उघडलं वीणानं.

"या अक्का, या. सुम्ने बसा स्वल्प, जरा निवांत. मृणाल आंघोळ करतेय."

माझ्याच मैत्रिणीच्या घरात मला ही 'या, बसा' म्हणणार. वीणा शाळेत गणित शिकवते. तिचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले ते इथलेच झाले. "मराठी घरात बोलतो आम्ही, पण निम्मं कानडी येतं. तुम्हाला कळतंय, अल्वा?" असं ती अगदी मोकळेपणानं म्हणाली. तिनं बिसिबेळे भात करून आणला होता. तो बिघडलेला असावा अशी माझी मनापासून इच्छा होती, पण मी दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिघी लष्कर मोहल्ल्यात गेलो. तिथं गाडी नेऊ नका, रिक्षानं जा. गल्ल्या चिंचोळ्या, वेल्डिंगचे धूर, गाद्या पिंजणारे, जुन्या मिक्सरची दुरुस्ती, आणि त्यातच अन्वरभाईंचं सायकलचं दुकान. पुढं लहान मुलांच्या सायकली आणि मागच्या खोलीत छताला टांगलेली भारी चाकं. अन्वरभाई बोलका माणूस, विकण्यात पक्का. ज्यांना चाकं घ्यायचीत त्यांच्यासाठी सांगते: आधी तुमच्या सायकलला कुठल्या मापाचा हब बसतो ते बघा, नाहीतर सगळं मुसळ केरात. मग रिमची आतली रुंदी. रुंद रिमवर टायर नीट पसरतो, वाळूत आणि खडीत धीर येतो. वजन कमी करायचं तर रिममध्ये करा. तिथला हलकेपणा चढावर लगेच कळतो. कार्बन हलकं आणि ताठ, अॅल्युमिनियम जड पण खिशाला परवडणारं, आणि पोचा आला तरी घर गाठून देणारं.

मला यातलं काही ऐकायचं नव्हतं. मी काळ्या चाकांकडे बोट दाखवलं.

"वो कल नहीं, परसों मिलेंगे," अन्वरभाई म्हणाले. "ट्रायल का जोड एक डॉक्टर साब ले गए. चलाके देखो, फिर बोलो."

म्हणजे उद्यासाठी ठरलेल्या तलकाडच्या सायकलफेरीला माझ्या नशिबी जुनीच चाकं. बाहेर आल्यावर त्या दोघी आपापल्या टायरमधल्या हवेबद्दल बोलत पुढं चालल्या होत्या. एकसारखी चाकं, त्यामुळे हवाही सारखीच. मी मागून म्हैसूरपाकाचं दुकान शोधत चालले आणि रागारागात नको तेवढा घेतला.

तिसरा दिवस तलकाडचा. नरसीपूरपर्यंत गाडीनं, तिथं इडली-वडा आणि कॉफी, मग गाडी लावून कालव्याच्या कडेनं कच्च्या वाटेनं सायकल. एका बाजूला भात, एका बाजूला ऊस, मधूनच गुरं. तलकाडला कावेरीकाठी वाळूच्या टेकड्यांत अर्धीमुर्धी गाडलेली देवळं आहेत, सकाळी लवकर पोचा, नंतर वाळू तापते आणि अनवाणी चालवत नाही. वाटा सपाट आहेत, नवख्यांनाही जमतील.

पण शांतपणे चालवेल ती मी कसली. त्या दोघी पुढं, एकमेकींना ओलांडत, हसत. काळी चाकं उन्हात चमकत होती आणि माझ्या डोळ्यांत खुपत होती. मी जोर लावला. दम लागला तरी लावला. वीणाच्या मागच्या टायरपाशी पोचले, आता ओलांडणार, तेवढ्यात वाटेवरचं उसाचं वाळकं कांडं उडालं आणि माझ्या पुढच्या चाकात अडकलं. खटकन आवाज झाला, सायकल आडवी आणि मी मातीत. सगळं आयुष्य उसाच्या गावात काढलं आणि आडवी पडले ती इथल्या उसानं.

मला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. चाकाची एक तार हबपाशी तुटली होती आणि चाक फोर्कच्या चिमट्याला घासत होतं.

"तुम्ही जा पुढं," मी म्हटलं. "मी चालत गाडीकडं जाते." आवाज चढला होता, मला ऐकू येत होतं.

मृणालनं स्वतःची सायकल गवतात उलटी केली, मागच्या दांडीच्या खालची काळी टेप नखानं सोलायला लागली आणि आतून चार चंदेरी तारा काढल्या. माझ्या. दोन पुढच्या चाकाच्या, दोन मागच्या.

"अय्यो, या तुमच्या होय?" वीणा माझ्याकडं बघत राहिली. "किती वेळा मी विचारलं, या आपल्या कुठल्याच चाकाला बसत नाहीत, सुम्ने, उगीच का वाहते म्हणून. नवी चाकं घातली तेव्हा पण काढल्या नाहीत हिनं. राहू दे म्हणाली, अष्टे, एवढंच."

मृणालनं तार ओवली, रिमवरच्या निपलमध्ये फिरवली आणि फोर्कच्या अंदाजानं चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसली. चाक पकडायला मी खाली बसले आणि शेवटी विचारलं, "डिसेंबरात कोण आहे तुझ्याबरोबर?"

"वीणानं विचारलंय," ती मान वर न करता म्हणाली. "मी म्हटलं, आधी कोल्हापूरला विचारते. पण तू फोनवर 'हं, हं'च्या पुढं जाशील तर विचारणार ना. मला वाटलं, तुलाच दुसरी कोणी मिळालीय."

"मी येणार आहे," मी म्हटलं.

"मग झालं तर."

वीणा कालव्याकडं बघत होती. "मी विचारून बघितलं," ती म्हणाली, "पर्वागिल्ल, चालायचंच." तिचं तोंड उतरलं होतं. ते तोंड मला चांगलं ओळखीचं होतं, गेलं वर्षभर मी ते आरशात बघत होते. मी पिशवीतला म्हैसूरपाक काढून आधी तिच्यापुढं धरला.

चौथ्या दिवशी ट्रायलची चाकं मिळाली. चामुंडीच्या पायथ्याला ललिताद्रीपुरच्या बाजूला नेऊन चालवली. खोटं कशाला बोलू, चाकं फार भारी आहेत. चढावर सायकल हातातून पळते. तुमच्याकडं पैसे असतील तर डोळे मिटून घ्या. परत येऊन ती अन्वरभाईंच्या हातात दिली आणि मृणालकडच्या उरलेल्या तीन तारा त्यांच्यासमोर ठेवल्या. म्हटलं, हब माझेच ठेवा, रिम अॅल्युमिनियमची नवी, जरा रुंद, पण अशी शोधा की याच लांबीच्या तारा बसल्या पाहिजेत.

अन्वरभाईंनी तारा बघितल्या, मग मला बघितलं. "मॅडम, चक्का देखके तार लेते. तार देखके चक्का लेनेवाले आप पैलेच."

वीणा हसायला लागली, मग मृणाल, मग मी. रिम शोधायला त्यांनी अख्खं दुकान उपसलं. संध्याकाळपर्यंत चाकं बांधून मिळाली. मृणालनं माझ्या तीन तारा पुन्हा तिच्या दांडीला लावल्या आणि तिच्या चार काळ्या माझ्या दांडीला. टेप वीणानं कापून दिली.

आता घरी आहे. नवी चाकं कार्बनपेक्षा जड आहेत, पण जोतिबाच्या खडीत रुंद रिमचा फरक जाणवतो आणि अन्वरभाईंनी छर्रे बदलल्यानं हबची करकरही गेली. वाचणाऱ्यांनो, तुम्ही चाकं निवडाल तर माझ्यासारखी निवडू नका. डिसेंबराची तयारी सुरू आहे, फोनही आता लांबतात. त्यात वीणा अजून असते, आणि तिचं नाव आलं की पोटात बारीकसं दुखतंच.

परवा आमच्या ग्रुपमधल्या एकीनं दांडीकडं बोट दाखवून विचारलं, "तुझ्या चाकाच्या तारा चंदेरी, मग या काळ्या कुणाच्या?"

"मृणालच्या," मी म्हटलं. त्याच तारा वीणाच्या चाकालाही तंतोतंत बसतात, हे काही मी तिला सांगितलं नाही.