खालची पट्टी

सेट-टॉप बॉक्स लागल्यापासून आई रोज संध्याकाळी रिमोट घेऊन एकेक चॅनेल पुढे सरकवत बसते. मालिका नको असतात तिला. आमच्या केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल होतं. त्यावर जुने सिनेमे लागायचे आणि खालून पट्टी सरकायची: कुणाचा वाढदिवस, कुणाचं हरवलेलं पाकीट, गावात कोण गेलं. डिजिटल आलं आणि ते बंद झालं. आता चित्र इतकं स्वच्छ की नटीच्या गालावरची पावडर दिसते. मागच्या आळीतलं मात्र काही कळत नाही. ते चॅनेल आता सापडणार नाही, हे आईला समजावून मीही थकलो.

काल बाजारात कळलं, तिची मैत्रीण सुमनमावशी जाऊन दहा दिवस झाले. घरी येऊन सांगितलं. आईनं रिमोट खाली ठेवला.

"अरे, सकाळीच तिच्यासाठी लोणच्याची बरणी भरून ठेवली मी."