शेजारच्या टेबलावरचा शाहीर

कॅम्प तीन या आमच्या वस्तीतल्या चहाच्या हॉटेलात आम्ही जीन्स कारखान्यातले कामगार शेठला शिव्या घालायला लागलो, की शेजारच्या टेबलावरचा म्हातारा शाहीर खिशातला मोबाईल बंद करायचा आणि डोळे मिटायचा. सगळा कॅम्प त्याच्या गाण्यांवर जीव टाकायचा. मला मात्र तो शेठचा खबरी वाटायचा.

एकदा तोंडावर विचारलंच, "काका, शेठनं बसवलंय का तुम्हाला इथं?"

बशीतला चहा फुंकत तो म्हणाला, "इथं नाही बसलो, तर गाणी कुठून आणू रे?"

मला पटलं नाही. जयंतीच्या कार्यक्रमात तो गायला, 'हाताचा निळा रंग भाकरीला लागतो.' हॉटेलात मीच बोललेलं वाक्य! लोक टाळ्या वाजवत होते आणि मी गर्दीत शेठला शोधत होतो.

पुढं तो वारला. आता त्या हॉटेलात आम्ही मोठमोठ्यानं बोलतो. ऐकायला कोणी नाही.